एक चेसिस, अनेक स्विच : स्टोरेज नेटवर्कमधील व्हर्च्युअल फॅब्रिक

मोठ्या बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये हिशेब करणारे सर्व्हर एका रांगेत असतात आणि त्या हिशेबाची माहिती ज्या डिस्कवर साठते ते स्टोरेज अ‍ॅरे दुसऱ्या रांगेत असतात. या दोहोंना जोडणारे नेटवर्क कार्यालयातील नेहमीच्या नेटवर्कपेक्षा वेगळे ठेवले जाते, आणि आजही बहुतेक मोठ्या ठिकाणी त्यासाठी फायबर चॅनेल हे तंत्र वापरतात. या नेटवर्कला स्टोरेज एरिया नेटवर्क, थोडक्यात सॅन, म्हणतात. त्यातील वायरी ज्यांत येऊन मिळतात आणि जे माहिती योग्य पोर्टकडे वळवतात त्या यंत्रांना स्विच म्हणतात, आणि एकमेकांना जोडलेल्या व एकच व्यवस्था म्हणून वागणाऱ्या स्विचांच्या समूहाला फॅब्रिक असे नाव आहे. एकाच यंत्रात असे अनेक स्विच कसे निर्माण करतात, ते का करावे लागतात आणि त्यांचा कारभार पाहताना कोठे सावध राहावे लागते, हा या लेखाचा विषय आहे. उदाहरणासाठी मुख्यतः ब्रोकेडची पद्धत घेतली आहे. ही कंपनी २०१७ पासून ब्रॉडकॉमच्या मालकीची असली, तरी स्विचवर आणि बोलण्यात ब्रोकेड हेच नाव टिकून आहे.

फॅब्रिक एकसंध असते म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे, कारण विभागणीची गरज त्या एकसंधपणातूनच उभी राहते. स्विच एकमेकांना जोडले की ते सर्वप्रथम आपल्यातील एकाला प्रमुख स्विच म्हणून निवडतात. हा प्रमुख स्विच प्रत्येकाला एक डोमेन आयडी देतो किंवा त्याने मागितलेला मान्य करतो. हा क्रमांक १ ते २३९ यांमधला असतो आणि एका फॅब्रिकमध्ये तो दोघांना मिळू शकत नाही. त्यानंतर कोणत्या मार्गाने कोठे जायचे याचा नकाशा सर्व स्विच मिळून तयार करतात आणि दुवा तुटला किंवा नवा जोडला गेला की तो नकाशा सगळीकडे नव्याने आखला जातो. कोणते उपकरण कोठे जोडले आहे याची नोंद नेम सर्व्हर ठेवतो. कोणत्या सर्व्हरने कोणता स्टोरेज पोर्ट पाहावा हे ठरवणारे झोनिंगही संपूर्ण फॅब्रिकसाठी एकच असते. एका स्विचवर बदल करून तो लागू केला की सर्व स्विचांवर लागू होतो.

सर्व काही सुरळीत असताना ही एकजूट सोयीची वाटते. परंतु चाचणी विभागातील कोणी चुकीच्या झोनिंगचा संच लागू केला, तर उत्पादन विभागाचे, म्हणजे रोजचे प्रत्यक्ष कामकाज चालवणारे, सर्व्हरही आपल्या डिस्क गमावून बसतात, कारण दोघांचे झोनिंग एकाच खात्यात असते. दोन फॅब्रिक अनवधानाने एकत्र जोडले गेले आणि दोन्हीकडे एकच डोमेन आयडी निघाला किंवा एकाच नावाचे झोन वेगवेगळ्या सदस्यांसह निघाले, तर तो दुवा विलग होतो आणि कारण शोधण्यात रात्र जाते. झोनिंग असल्यावर वेगळेपणा आलाच, असा समज पुष्कळदा आढळतो, पण तो अपुरा आहे. झोनिंगमुळे एका उपकरणाला दुसरे दिसत नाही एवढेच. नेम सर्व्हर, मार्गांचा नकाशा, प्रमुख स्विचची निवड आणि मुख्य म्हणजे झोनिंगची नोंदवही, हे सगळे सामाईकच राहते.

यावरचा जुना उपाय म्हणजे प्रत्येक गरजेसाठी वेगळे स्विच विकत घेणे. मेनफ्रेम या मोठ्या संगणकांसाठी एक जोडी, टेप बॅकअपसाठी दुसरी, चाचणीसाठी तिसरी, अशी बेटे तयार होत. प्रत्येक बेटावर काही पोर्ट रिकामे राहत आणि शेजारच्या बेटावर मात्र पोर्ट संपलेले असत. सिस्कोने २००२ मध्ये एमडीएस ९००० ही मालिका आणताना व्हीसॅन ही कल्पना पुढे ठेवली : एकाच स्विचवरील पोर्ट वेगवेगळ्या व्हीसॅनमध्ये वाटायचे आणि प्रत्येक व्हीसॅनने स्वतंत्र फॅब्रिकसारखे वागायचे. फायबर चॅनेलची मानके ठरवणाऱ्या टी-११ समितीने पुढे या कल्पनेला मानकात स्थान दिले आणि तिला व्हर्च्युअल फॅब्रिक हे नाव मिळाले. मानकात त्यासाठी फ्रेमला, म्हणजे माहितीच्या प्रत्येक पाकिटाला, ८ बाइटचे एक जादा शीर्ष जोडण्याची सोय आहे आणि त्या शीर्षात ही फ्रेम कोणत्या फॅब्रिकची हे सांगणारा १२ बिटांचा क्रमांक असतो. ब्रोकेडने आधी, फॅब्रिक ओएस या स्विचवरील ऑपरेटिंग सिस्टिमच्या ५.२ आवृत्तीत, अ‍ॅडमिन डोमेन नावाची कारभारापुरती विभागणी आणली होती. तिच्यात फॅब्रिक एकच राहत असे, फक्त कोणी काय पाहावे यावर मर्यादा येत असे. ६.२ आवृत्तीपासून ब्रोकेडनेही खऱ्या अर्थाने वेगळे फॅब्रिक देणारे लॉजिकल स्विच आणले. या दोन पद्धती एका यंत्रावर एकाच वेळी चालू ठेवता येत नसत.

ब्रोकेडच्या मांडणीत प्रत्यक्ष यंत्राला, म्हणजे पंखे, वीजपुरवठा, नियंत्रक कार्ड आणि पोर्ट असलेल्या पेटीला, चेसिस म्हणतात. व्हर्च्युअल फॅब्रिकची सोय चालू केली की या चेसिसच्या आत एक मूळ लॉजिकल स्विच तयार होतो आणि सुरुवातीला सर्व पोर्ट त्याच्याच ताब्यात असतात. प्रत्येक लॉजिकल स्विचला १ ते १२८ यांमधला एक फॅब्रिक आयडी द्यावा लागतो, त्याला एफआयडी म्हणतात, आणि मूळ स्विचचा एफआयडी १२८ असतो. पुढे आपण जितके नवे लॉजिकल स्विच तयार करू तितक्यांना वेगळे एफआयडी द्यायचे आणि पोर्ट त्यांच्यात वाटायचे. प्रत्येक पोर्ट कोणत्याही क्षणी एका आणि एकाच लॉजिकल स्विचमध्ये असतो. बेवारस पोर्ट ही अवस्थाच या पद्धतीत नाही. सिस्कोकडे याच्या उलट रीत आहे : व्हीसॅन काढून टाकला की त्यातील पोर्ट ४०९४ क्रमांकाच्या विलग व्हीसॅनमध्ये जाऊन पडतात आणि तेथे त्यांचा कोणाशीच संबंध राहत नाही.

प्रत्येक लॉजिकल स्विचला स्वतःचा वर्ल्डवाइड नेम (जगात एकमेव असलेली ओळख), स्वतःचा डोमेन आयडी, स्वतःचा नेम सर्व्हर आणि स्वतःची झोनिंगची नोंदवही मिळते. वेगवेगळ्या चेसिसवरील एकाच एफआयडीचे लॉजिकल स्विच एकमेकांना जोडले की त्यांचे लॉजिकल फॅब्रिक होते. फॅब्रिक वेगळे असल्यामुळे एफआयडी १० मध्येही डोमेन ३२ असू शकतो आणि एफआयडी २० मध्येही. त्यांची गाठ कधी पडतच नाही. निरनिराळ्या एफआयडीचे दोन लॉजिकल स्विच चुकून एका वायरने जोडले, तर दुवा उभाच राहत नाही, आणि हीच एक गोष्ट माझ्या मते या सोयीचे अर्धे मोल वसूल करून देते.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. जुन्या वाड्यात भिंती घालून चार बिऱ्हाडे केली, तर चुली वेगळ्या होतात, कुलपे वेगळी होतात, पण मागच्या अंगणातला आड एकच राहतो. लॉजिकल स्विचचे तसेच आहे. कारभार, पत्ते, झोनिंग, चुकांचा फैलाव या सगळ्यांची विभागणी होते; परंतु नियंत्रक कार्ड, त्यावरील मेमरी, फर्मवेअर, वीजपुरवठा आणि सगळी कार्डे जोडणारा मागचा बॅकप्लेन सर्वांचे सामाईक असतात. फर्मवेअर बदलायचे ते संपूर्ण चेसिसचे बदलावे लागते. एका लॉजिकल स्विचवर नवी आवृत्ती आणि दुसऱ्यावर जुनी, असे करता येत नाही. चेसिसची वीज गेली तर आतले सगळे स्विच एकदमच जातात. पुढचे जवळजवळ सगळे निर्णय या एका भेदावर उभे असतात.

म्हणूनच लॉजिकल स्विच हा दोन स्वतंत्र फॅब्रिकला पर्याय होऊ शकत नाही. सॅनची मांडणी करताना प्रत्येक सर्व्हरला दोन वेगळे मार्ग देतात, ज्यांना रूढ भाषेत ए फॅब्रिक आणि बी फॅब्रिक म्हणतात. एकाच चेसिसमध्ये एफआयडी १० ला ए आणि एफआयडी २० ला बी म्हणून मोकळे होणे खर्चाच्या दृष्टीने मोहात पाडणारे असते आणि आकृतीत ते अगदी बरोबर दिसते. पण चेसिसवर एकदा आपत्ती आली की दोन्ही मार्ग एकाच क्षणी जातात, आणि सर्व्हरवरील मल्टिपाथ सॉफ्टवेअरला वळवायला दुसरा रस्ताच उरत नाही. ए आणि बी यांची यंत्रे वेगळी, शक्य तर रॅक आणि वीजवाहिन्याही वेगळ्या, हा नियम पाळायचा. लॉजिकल स्विच करायचे ते त्या प्रत्येक यंत्राच्या आत, आणि दोन्ही बाजूंना सारखेच.

व्हर्च्युअल फॅब्रिकची सोय चालू करण्याची आज्ञा फॉसकॉन्फिग ही आहे. ती दिल्यावर यंत्र स्पष्ट इशारा देते की या कामाने वाहतूक खंडित होईल आणि बदल लागू होण्यासाठी रीबूट आवश्यक आहे. नव्याने बसवलेल्या चेसिसवर याची काहीच अडचण नसते. ज्यावर शेकडो सर्व्हर चालू आहेत अशा जुन्या चेसिसवर मात्र हे काम ठरवून घेतलेल्या बंद काळातच करावे लागते आणि त्याआधी प्रत्येक सर्व्हरचा दुसऱ्या बाजूचा मार्ग जिवंत आहे याची खातरजमा करावी लागते. चेसिस नवीन असेल, तर आज गरज नसली तरी ही सोय पहिल्याच दिवशी चालू करून ठेवणे शहाणपणाचे आहे. नंतर ती चालू करण्याची किंमत फार मोठी पडते.

नवा लॉजिकल स्विच तयार करण्याचे काम जवळून पाहू. समजा, चाचणी विभागासाठी एफआयडी २० हवा आहे. एलएससीएफजी या आज्ञेने तो निर्माण करायला सांगितले की यंत्र एकदा विचारते, होकार दिल्यावर काही काळ घेते आणि स्विच तयार झाल्याचे कळवते. त्या संदेशाचे शेवटचे वाक्य घाईत वाचायचे राहून जाते : स्विच मूळ सेटिंगनिशी तयार झाला आहे, तो कार्यान्वित करण्यापूर्वी योग्य ती सेटिंग करून घ्यावीत. मूळ सेटिंग म्हणजे आपण ठरवलेला नव्हे तर यंत्राने गृहीत धरलेला डोमेन आयडी आणि आपल्या पद्धतीत न बसणारे नाव. त्यामुळे पुढची पायरी म्हणजे सेटकॉन्टेक्स्ट या आज्ञेने एफआयडी २० मध्ये शिरणे, तो स्विच बंद करणे, त्याला विचारपूर्वक ठरवलेला डोमेन आयडी आणि नाव देणे, आणि मगच तो चालू करणे.

त्यानंतर पोर्ट हलवायचे. त्याच एलएससीएफजी आज्ञेला स्लॉट (चेसिसमधील कार्डाची खाच) आणि पोर्टचे क्रमांक सांगितले की यंत्र पुन्हा विचारते, कारण हलवले जाणारे पोर्ट बंद करावे लागणार असतात. होकार दिला की पोर्ट जुन्या स्विचमधून निघून नव्या स्विचमध्ये येतात, पण ते आपोआप चालू होत नाहीत. तयारी झाल्यावर पोर्ट किंवा स्विच चालू करा, असा निरोप यंत्र देते. पोर्ट हलवणे म्हणजे त्यावरील सर्व्हरची वायर काढणेच होय. वायर जागेवरच असते, दिवा दिसतो, त्यामुळे नवख्या माणसाला काही तुटले आहे असे वाटत नाही, आणि सर्व्हरच्या बाजूचा माणूस मात्र डिस्क गेल्याची तक्रार घेऊन येतो.

पोर्ट हलवल्यावर आणखी एक गोष्ट बदलते, ती म्हणजे उपकरणाचा पत्ता. फायबर चॅनेलचा पत्ता २४ बिटांचा असतो : पहिली ८ बिटे डोमेनची, पुढची ८ एरियाची म्हणजे साधारणपणे पोर्टची, आणि शेवटची ८ त्या पोर्टवरील उपकरणाची. २०१४०० असा पत्ता दिसला तर तो षोडशमान पद्धतीत वाचायचा : २० म्हणजे दशमान ३२, हा डोमेन, १४ म्हणजे दशमान २०, हा एरिया, आणि ०० म्हणजे थेट जोडलेले उपकरण. एकाच पोर्टवर एनपीआयव्ही या सोयीच्या साहाय्याने अनेक व्हर्च्युअल सर्व्हर लॉगिन झाले असतील, तर त्यांना शेवटच्या जागी ०१, ०२ असे पुढचे अंक मिळतात. पोर्ट वेगळ्या डोमेनच्या लॉजिकल स्विचमध्ये गेला की पहिले दोन अंक बदलतात. लिनक्ससारख्या व्यवस्था डिस्कला तिच्या जागतिक ओळखीने ओळखतात, म्हणून त्यांना या बदलाचे सोयरसुतक नसते. जुन्या एचपी-यूएक्सवर मात्र डिस्कच्या मार्गातच हा पत्ता गुंफलेला असे आणि डोमेन बदलला की त्या यंत्राला तीच डिस्क नवीन वाटे; ११आय व्ही३ या आवृत्तीत नवी नामपद्धती आल्यावर हा त्रास सुटला. जुन्या एआयएक्सवरही डायनॅमिक ट्रॅकिंग चालू नसेल तर पत्ता बदलल्यावर डिस्क हरवत. अशी यंत्रे अजून कोठे ना कोठे कोपऱ्यात चालू असतात, म्हणून स्थलांतरापूर्वी यादी करताना ‘हा सर्व्हर कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमचा’ हा प्रश्न विचारायला लाजू नये.

डोमेन आयडीच्या बाबतीत मेनफ्रेमचे जग अधिक कडक आहे. आयबीएमच्या मेनफ्रेमकडून फायकॉन, म्हणजे मेनफ्रेमला स्टोरेजशी जोडणारी फायबर चॅनेलवरची पद्धत, वापरताना स्विचचा डोमेन आयडी मेनफ्रेमच्या स्वतःच्या संरचनेत लिहिलेला असतो. स्विचांची साखळी असेल तर तो पत्त्याचाच भाग होतो. म्हणून तेथे डोमेन आयडी आग्रही ठेवतात, म्हणजे मागितलेला क्रमांक मिळाला नाही तर स्विचने दुसरा क्रमांक घेऊन फॅब्रिकमध्ये शिरायचेच नाही. मेनफ्रेमची फायकॉन वाहतूक आणि इतर सर्व्हरांची नेहमीची वाहतूक एकाच चेसिसवर ठेवायची असेल, तर लॉजिकल स्विचइतका चोख उपाय दुसरा नाही. दोन्हींचे नियम, दोन्हींची बदलांची गती आणि बहुधा दोन्हींचे सांभाळणारे लोकही वेगळे असतात. माझ्या मते लॉजिकल स्विच करण्यासाठी याहून सबळ कारण सापडणे कठीण आहे.

आता एका चेसिसमधून दुसऱ्या चेसिसकडे कसे जायचे ते पाहू. सोपा मार्ग असा की प्रत्येक लॉजिकल स्विचने आपापल्या ताब्यातील पोर्टमधून समोरच्या चेसिसवरील सारख्याच एफआयडीच्या स्विचकडे वायर न्यायची. अशा दुव्याला समर्पित दुवा, ब्रोकेडच्या भाषेत डीआयएसएल, म्हणतात. चार लॉजिकल फॅब्रिक असतील आणि प्रत्येकाला किमान दोन दुवे हवे असतील, तर दोन चेसिसमध्ये आठ वायरी लागतील. पल्ला लांबचा असेल, उदाहरणार्थ नवी मुंबईतील एका डेटा सेंटरपासून दुसऱ्यापर्यंत भाड्याच्या फायबरवरून जायचे असेल, तर प्रत्येक वायरीचा खर्च टोचू लागतो. तेथे दुसरा मार्ग उपयोगी पडतो. चेसिसमध्ये बेस स्विच नावाचा एक खास लॉजिकल स्विच तयार करता येतो, एका चेसिसमध्ये एकच. त्याला सर्व्हर किंवा स्टोरेज जोडत नाहीत. तो केवळ वाहतुकीसाठी असतो. दोन चेसिसवरील बेस स्विच एकमेकांना ज्या दुव्याने जोडले जातात त्याला एक्सआयएसएल म्हणतात आणि त्या एका दुव्यावरून अनेक लॉजिकल फॅब्रिकच्या फ्रेम एकत्र जातात. कोणती फ्रेम कोणाची हे कळावे म्हणून तिच्यावर एफआयडीची खूण असते. ज्या लॉजिकल स्विचला हा सामाईक रस्ता वापरू द्यायचा त्याच्या सेटिंगमध्ये तशी परवानगी द्यावी लागते. मग त्या दोन टोकांच्या स्विचांमध्ये एक काल्पनिक दुवा, एलआयएसएल, यंत्र स्वतःच उभा करते. दोन्हीकडच्या बेस स्विचचा एफआयडी एकच असावा लागतो. घाईच्या स्थापनेत हे विसरले जाते आणि मग दुवा का उभा राहत नाही याचा शोध वायरीत घेतला जातो.

सामाईक रस्त्याची एक खोच आहे. फायबर चॅनेलमध्ये समोरच्याकडे जागा असल्याशिवाय फ्रेम पाठवता येत नाही. या जागेचा हिशेब बफर क्रेडिट नावाच्या मोजमापाने ठेवतात : प्रत्येक फ्रेममागे एक क्रेडिट खर्च होते आणि समोरच्याने ती फ्रेम उचलली की क्रेडिट परत मिळते. एखादा सर्व्हर फ्रेम सावकाश उचलू लागला, तर त्याच्यासाठी आलेल्या फ्रेम स्विचमध्ये तुंबतात, तेथील जागा संपते, मग मागचा दुवा तुंबतो, आणि असे करत करत ती कोंडी थेट दोन चेसिसमधल्या दुव्यापर्यंत मागे सरकते. समर्पित दुवे असतील तर ही कोंडी त्याच एका लॉजिकल फॅब्रिकमध्ये राहते. सामाईक दुवा असेल तर चाचणी विभागातील एका मंद सर्व्हरमुळे उत्पादनाच्या डेटाबेसचा वेळ वाढू शकतो. झोनिंग पाहिले तर दोघांचा काडीचाही संबंध नसतो, एफआयडी वेगळे असतात, आणि तरीही एक दुसऱ्याला त्रास देत असतो. सिस्कोच्या व्हीसॅनमध्येही एकाच ट्रंक दुव्यावरून अनेक व्हीसॅन नेले की हाच धोका संभवतो. म्हणून अंतर थोडे आणि पोर्ट पुरेसे असतील तर समर्पित दुवेच वापरावेत, आणि एक्सआयएसएल लांबच्या किंवा महागड्या वायरींसाठी राखून ठेवावा, असे माझे मत आहे. फायकॉनच्या वाहतुकीसाठी तर सामाईक दुवा चालतच नाही, त्यामुळे तेथे निवडीचा प्रश्न उद्भवत नाही.

वेगळ्या केलेल्या फॅब्रिकमधील एखादे उपकरण दोघांनाही हवे असते. टेप लायब्ररी हे त्याचे नेहमीचे उदाहरण. त्यासाठी फॅब्रिक एकत्र न करता फक्त निवडक उपकरणे पलीकडे दाखवण्याची सोय आहे. ब्रोकेडकडे ती फॅब्रिक राउटिंग म्हणून ओळखली जाते. तिच्यातील विशेष पोर्ट बेस स्विचमध्येच ठेवावे लागतात आणि पलीकडे दाखवायच्या उपकरणांच्या झोनचे नाव एलसॅन या अक्षरांनी सुरू करावे लागते. सिस्कोकडे याच कामाला आयव्हीआर म्हणतात. ही सोय बॅकअपसारख्या मोजक्या कामांसाठी ठीक आहे. अशा झोनची संख्या सतत वाढू लागली, तर मूळ विभागणीच चुकीच्या जागी केली होती असे समजावे.

लॉजिकल स्विच किती करावेत, हा प्रश्न नेहमी येतो. यंत्राची मर्यादा असतेच. ब्रोकेडच्या डीसीएक्स ८५१० या डायरेक्टर प्रकारच्या मोठ्या स्विचवर ती ८ होती आणि त्याच काळातल्या ६५१० या ४८ पोर्टच्या स्विचवर ४. डीसीएक्स ८५१० च्या आठ पोर्ट-स्लॉटच्या प्रकारात ४८ पोर्टचे ब्लेड (स्लॉटमध्ये बसवायचे पोर्टचे कार्ड) भरले तर ३८४ पोर्ट होतात, आणि ते आठ वाट्यांत विभागावेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण प्रत्येक नवा लॉजिकल स्विच म्हणजे आणखी एक झोनिंगची नोंदवही, आणखी दुवे, आणखी बॅकअप आणि चुकीच्या जागी आज्ञा देण्याची आणखी एक संधी. नियम वेगळे असतील, सांभाळणारी माणसे वेगळी असतील किंवा चुकीचा फैलाव अडवणे खरोखर अत्यावश्यक असेल, तेव्हाच नवा एफआयडी काढावा. प्रत्येक विभागाला किंवा प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनला एक लॉजिकल स्विच, ही मागणी आली तर ती झोनिंगकडे वळवावी. पोर्ट वाटताना एक ब्लेड एका स्विचला असे न करता प्रत्येक लॉजिकल स्विचचे पोर्ट किमान दोन ब्लेडवर पसरलेले असावेत, म्हणजे एक ब्लेड गेले तरी त्या फॅब्रिकची चेसिसमधली बाजू पूर्ण आडवी होत नाही.

चुकीच्या जागी आज्ञा देण्याचा उल्लेख वर आला आहे. त्याबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे. चेसिसवर लॉगिन केल्यावर आपण एका वेळी एकाच लॉजिकल स्विचच्या संदर्भात असतो, आणि आज्ञेच्या ओळीच्या सुरुवातीला स्विचच्या नावानंतर तो एफआयडी छापलेला असतो. सेटकॉन्टेक्स्ट देऊन दुसरीकडे जायचे, काम करायचे, पुन्हा परत यायचे, असा क्रम असतो. चार खिडक्या उघड्या असताना आणि रात्रीचे दोन वाजलेले असताना हे अंक डोळ्यांना दिसेनासे होतात. यावर उपाय साधे आहेत. लॉजिकल स्विचच्या नावातच त्याचे काम यावे. मूळचे सांकेतिक नाव तसेच ठेवू नये. झोनिंग लागू करण्यापूर्वी सध्या लागू असलेल्या संचाचे नाव मोठ्याने वाचावे. सगळ्या एफआयडींवरची एकाच प्रकारची माहिती पाहायची असेल, तर प्रत्येक ठिकाणी शिरण्याऐवजी फॉसएक्झेक या आज्ञेने एकदमच विचारावी, म्हणजे आतबाहेर करण्याचे निम्मे प्रसंग टळतात.

त्याहून पक्का उपाय म्हणजे अधिकारांची मर्यादा. प्रत्येक वापरकर्त्याला कोणत्या एफआयडींमध्ये जाता येईल, तेथे त्याची भूमिका कोणती आणि लॉगिन झाल्यावर तो प्रथम कोठे उतरेल, हे सर्व ठरवता येते. चाचणी विभागाच्या माणसाला एफआयडी २० मध्ये झोनिंगचा अधिकार आणि एफआयडी १० मध्ये केवळ पाहण्याचा अधिकार, अशी रचना सहज होते. चेसिसपातळीचा अधिकार, म्हणजे लॉजिकल स्विच निर्माण करणे, पोर्ट हलवणे किंवा फर्मवेअर बदलणे, हा निराळा असतो आणि तो अगदी मोजक्या लोकांकडे असावा. सर्वांना एकच अ‍ॅडमिन पासवर्ड देऊन ठेवलेल्या ठिकाणी व्हर्च्युअल फॅब्रिक करूनही कारभाराची विभागणी झालेली नसते. भिंती उभ्या राहिलेल्या असतात, पण प्रत्येकाच्या खिशात सगळ्या किल्ल्या असतात.

देखरेखीच्या सॉफ्टवेअरचीही येथे थोडी पंचाईत होते. सर्व लॉजिकल स्विच चेसिसच्या एकाच व्यवस्थापन पत्त्यामागे असतात. नेटवर्कमधील यंत्रांकडून माहिती मागवण्याच्या एसएनएमपी या पद्धतीच्या तिसऱ्या आवृत्तीत एफआयडीनुसार संदर्भ देऊन प्रत्येकाची माहिती वेगळी मागवावी लागते, अन्यथा एकाच लॉजिकल स्विचचे आकडे संपूर्ण चेसिसचे म्हणून अहवालात जातात. नवा एफआयडी तयार केल्यावर देखरेखीत त्याची नोंद करणे हे कामाच्या यादीत लिहूनच ठेवावे.

लॉजिकल स्विच काढून टाकायचा असेल तर आधी त्यातील सर्व पोर्ट दुसऱ्या स्विचकडे द्यावे लागतात. पोर्ट शिल्लक असतील तर यंत्र नकार देते. संपूर्ण सोयच बंद करायची असेल, तर मूळ स्विच सोडून बाकी सर्व काढावे लागतात आणि पुन्हा एकदा वाहतूक थांबवून रीबूट करावे लागते. बॅकअपच्या बाबतीतही असाच पायऱ्यांचा हिशेब आहे. कॉन्फिगअपलोडने साधा बॅकअप घेतला की तो ज्या लॉजिकल स्विचच्या संदर्भात आपण आहोत त्याच्यापुरता असतो. कोणते लॉजिकल स्विच आहेत आणि कोणता पोर्ट कोणाकडे आहे, ही चेसिसची वाटणी त्यात येत नाही. ती व्हर्च्युअल फॅब्रिकचा पर्याय देऊन वेगळी काढावी लागते. चेसिस बदलण्याची वेळ आली तर आधी ही वाटणीची फाइल भरायची, त्याने स्विच आणि पोर्ट जागेवर आले की मग प्रत्येक एफआयडीचे कॉन्फिगरेशन एकेक करून भरायचे. पहिली फाइल हाताशी नसेल तर शेकडो पोर्टची वाटणी कागदावरून पाहून हाताने करावी लागते, आणि त्यासाठी तो कागद कोणीतरी जपून ठेवलेला असावा लागतो.